टाइमलाइनवरची माणसं

फ्लॅशचा विषय निघाला की आमच्या गावात अजून आवाज चढतात. छत्रपती संभाजीनगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वेरूळ-अजिंठा आठवतं, फार तर वाळूजची एमआयडीसी. इथे बसून कोणी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवत असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. पण बनवतात. सिडकोतल्या एखाद्या रो-हाऊसच्या वरच्या खोलीत, गारखेड्यातल्या एखाद्या क्लासच्या मागच्या बाजूला, चार-सहा जण मिळून. कुणी शाळांसाठी, कुणी बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकासाठी, कुणी नुसतं आपल्या हौसेनं. रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यात चहाला ही मंडळी जमतात, आणि त्यांच्यात एक जुना वाद आहे. तो मी इतक्यांदा ऐकलाय की कोण कुठल्या वाक्याला कप खाली ठेवणार हे मला कळतं. तरीही मी तो दर वेळी मन लावून ऐकतो, कारण त्यात फक्त एका सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही असं मला वाटत आलंय.

ज्यांनी फ्लॅश वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ मध्ये जोनाथन गे आणि त्याच्या सोबत्यांनी फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आणला. त्याच वर्षाच्या शेवटी तो मॅक्रोमीडियानं विकत घेतला आणि त्याचं नाव फ्लॅश झालं. २००५ मध्ये अख्खी मॅक्रोमीडियाच ॲडोबीनं घेतली. पुढची काही वर्षं इंटरनेटवर जे जे हलत होतं ते बहुतेक फ्लॅशमध्ये होतं. मुंबईत गेम्सटूविनसारखी कंपनी ब्राउझरमध्ये चालणारे छोटे खेळ काढत होती, २००६ मध्ये रिलायन्सनं झपाक सुरू केलं, आणि त्याचा वारा आमच्यापर्यंत पोचला तो निराला बाजारच्या आसपासच्या मल्टिमीडिया क्लासांच्या पाट्यांमधून. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं फ्लॅश प्लेअरला आधार देणं थांबवलं. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअर स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. ती तारीख आधीच त्याच्या आत लिहून ठेवलेली होती. जिजाऊ जयंतीचा तो दिवस. सकाळपासून मोबाइलवर सिंदखेडराजाचे फोटो येत होते, आणि दुपारी आमच्या चित्रकार मित्राचा फोन आला, ‘माझं एकही काम उघडंना झालंय.’

या मित्राविषयी सांगायला हवं, कारण वादाची एक बाजू तो एकटा लढवतो. त्यानं जी. डी. आर्ट केलंय. वडिलांचं पैठण गेटजवळ पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीत भिंती. मग फ्लेक्स आलं. ज्या पाटीला वडील दोन दिवस घेत ती मशीनमधून तासाभरात बाहेर पडायला लागली आणि बघता बघता दुकानात ब्रश वाळत पडले. मुलगा फ्लॅशच्या क्लासला गेला तो या घरातून. म्हणजे हातातलं साधन कालबाह्य होणं ही गोष्ट त्यानं आयुष्यात दोनदा पाहिली, एकदा वडिलांच्या हातात आणि एकदा स्वतःच्या. म्हणूनच त्याच्या बोलण्यात जो ताठा येतो तो मला हट्ट वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला एक तरुण आहे. इथलाच इंजिनिअर, कॉलेजात असताना युनिटी हे खेळ बनवायचं इंजिन शिकला, फ्लॅशच्या भरात तो शाळेत होता. त्याचं म्हणणं सोपं आणि नेमकं. ‘दादा, ते जायलाच पाहिजे होतं.’ मग तो बोटांवर मोजत कारणं सांगतो. स्टीव्ह जॉब्जनं २०१० च्या एप्रिलमध्ये जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नको ते सांगितलं, तेव्हा लोकांना तो कंपन्यांचा आपसातला झगडा वाटला, पण बॅटरी खाणं, वारंवार बंद पडणं, बोटाच्या स्पर्शासाठी बनलेलंच नसणं हे मुद्दे खरेच होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, ॲडोबीनं स्वतःच मोबाइलसाठीचा प्लेअर थांबवला. सुरक्षेची भोकं तर इतकी निघत गेली की २०१५ मध्ये फेसबुकच्या सुरक्षा प्रमुखांनी फ्लॅश बंद करण्याची तारीखच जाहीर करा, असं उघडपणे म्हटलं. २०१७ च्या जुलैमध्ये ती तारीख ठरली. साडेतीन वर्षं आधी सांगून बंद केलं, मग रडायचं काय?

या सगळ्यात तो चुकत नाही. फ्लॅश प्लेअर म्हणजे घराचं मागचं दार कायम उघडं ठेवण्यासारखं होतं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते, आणि चित्रकार ती सांगायला जातो तेव्हा त्याला शब्द सापडत नाहीत. म्हणून मी इथे माझ्या परीनं सांगतो.

फ्लॅश उघडलं की मधोमध पांढरं स्टेज असायचं आणि वर टाइमलाइन. स्टेजवर तुम्ही चित्र काढायचं. ब्रशनं, हातानं, माउस हलवत. टाइमलाइनवर फ्रेमांची घरं असायची, एका घरात एक चित्र, पुढच्या घरात थोडं बदललेलं. ओनियन स्किन चालू केलं की मागचं चित्र फिकट होऊन खाली दिसायचं, त्यावरून पुढचं काढायचं. इथपर्यंत हे ॲनिमेशन. पण त्याच घरावर उभं राहून एफ नाइन दाबलं की एक खिडकी उघडायची आणि तिथे लिहिता यायचं: इथे थांब. बटणावर लिहिता यायचं: मला दाबलं की त्या घरात जा. एवढ्यावर खेळ सुरू व्हायचा. चित्र आणि आज्ञा एकाच घरात राहत होत्या. प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून घाबरलेला माणूस ‘थांब’ लिहायचा, मग ‘जा’ लिहायचा, मग एक दिवस ‘जर’ लिहायचा, आणि आपण कुंपण ओलांडलंय हे त्याला कळायचंही नाही. कलाशाखेतली किती पोरं अशी आत आली! युनिटी उघडलं की आधी तीन मिती समोर येतात, कोडची फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, चित्रं तिसरीकडून आणायची. ते जास्त ताकदीचं आहेच. पण ज्याला फक्त चित्र काढता येतं त्यानं कुठून आत शिरायचं, याचं उत्तर त्यात फ्लॅशइतकं सहज मिळत नाही. आज आमच्या गावात चित्रकार वेगळे आणि डेव्हलपर वेगळे झालेत. एकाच माणसाच्या हातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालेला खेळ आता क्वचित दिसतो. माझ्या लेखी नुकसान झालं ते इथे.

त्या काळी मशीन साधीच असायची आणि लोडशेडिंग दणकून होतं. दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबायची सवय या पिढीच्या बोटांत तिथून आली. खेळ तयार झाला की फाइल काही शेकडो केबीची. सायबर कॅफेतून पाठवता यायची.

आणि मराठी? तिथे तर खरी कसरत होती. फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरी नीट जुळवता येत नसे. जोडाक्षर फुटायचं, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसायची. २००८ मध्ये फ्लॅश प्लेअर १० आला तेव्हा कुठे आतलं मजकुराचं यंत्र सुधारलं. तोवर सगळे श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉन्ट वापरायचे, ज्यात मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. आमच्या चित्रकाराला तेही पटायचं नाही. फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसला तर काय? म्हणून तो मजकूर टाइप करायचा, कंट्रोल बी दोनदा दाबून त्याचा फॉन्टाशी संबंध तोडायचा, आणि अक्षराची नुसती आकृती उरली की पेंटरच्या पोराच्या नजरेनं तिची वळणं दुरुस्त करत बसायचा. ‘मोंढा’, म्हणजे धान्याचा बाजार, या शब्दाच्या अनुस्वारावर एक अख्खी संध्याकाळ घालवताना मी त्याला पाहिलंय.

गुण दाखवायला त्याची रीत बघण्यासारखी होती. खेळात गुण बदलत राहतात, तिथे आकृती करून ठेवता येत नाही. म्हणून त्यानं एक मूव्ही क्लिप बनवली, दहा फ्रेमांची. पहिल्या घरात हातानं काढलेलं शून्य, दुसऱ्यात एक, असं करत दहाव्यात नऊ. गुण ४७ झाले की दशकाच्या क्लिपला पाचव्या घरात जाऊन थांबायला सांगायचं, एककाच्या क्लिपला आठव्या. आकड्यात एक मिळवला की घराचा नंबर. कुणी शिकवलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या घरातल्या माणसानं आकडा हे चित्र मानलं आणि चित्राला प्रोग्रॅममध्ये आणून बसवलं.

हे सगळं परवा पुन्हा समोर आलं ते फुलंब्री तालुक्यातल्या एका शिक्षकांमुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. त्यांच्याकडे एक जुनी सीडी होती, ओरखडे पडलेली, तिच्यात बेरीज शिकवणारा एक खेळ. बैलगाडीत ज्वारीची पोती भरायची आणि मोंढ्यावर न्यायची. जास्त भरली तर बैल जागचा हलत नाही, कमी भरली तर व्यापारी परत पाठवतो. पोरांना तो फार आवडायचा म्हणे. आता शाळेत टॅब आहेत आणि खेळ उघडत नाही. काही करता येईल का? खेळ आमच्या चित्रकारानंच केलेला. ज्या कंपनीसाठी केला ती कधीच बंद पडली होती, मूळ फाइली कुठे गेल्या ते तिच्या जुन्या मालकांनाही सांगता येईना. फोनवर त्यांनी एवढंच म्हटलं, करा काय करायचं ते, आमची ना नाही.

त्या रविवारी वादाला तोंड फुटलं. तरुण म्हणाला, नव्यानं करू, दोन आठवड्यांचं काम. चित्रकार म्हणाला, आहे तोच चालला पाहिजे. तरुणानं लॅपटॉप काढला आणि रफलमध्ये फाइल टाकून पाहिली.

रफल हा माइक वेल्श यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प. फ्लॅश प्लेअरचं काम तो नव्यानं, रस्ट भाषेत, सुरक्षित पद्धतीनं करून देतो आणि आजच्या ब्राउझरमध्ये चालतो. फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेच्या आवृत्ती २ मधले जुने खेळ त्यात बहुतेक नीट चालतात, ३ मधल्यांची भर अजून पडतेय. तसंच फ्लॅशपॉइंट नावाच्या संग्रहात जगभरच्या लोकांनी हजारो जुने खेळ जमा करून ठेवलेत, आणि इंटरनेट अर्काइव्हनंही २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा विभाग उघडला. हे कुठल्या कंपनीनं केलेलं नाही. ज्यांचं त्या खेळांवर प्रेम होतं त्यांनी केलं, आणि त्याबद्दल मला फार आदर आहे.

तर बैलगाडी दिसली. चाक फिरलं. आणि मराठी अक्षरं, एक न एक, जशीच्या तशी. मोंढ्याचा अनुस्वार जागेवर. गुणांचे आकडे फिरत होते. त्याच सीडीत दुसऱ्या कुणीतरी केलेला एक खेळ होता, त्यात प्रश्न फॉन्टाच्या भरवशावर टाकलेले. तिथे पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन भरडा आला, कारण मराठी आकार देणारा तो फॉन्टच आता कुठे नाही. चित्रकार काही बोलला नाही. तरुण मात्र बराच वेळ दोन्ही खेळ आलटूनपालटून बघत होता.

मग त्यानं खेळाची फाइल एका डीकंपायलरमध्ये उघडली आणि आतला कोड वाचायला लागला. ॲक्शनस्क्रिप्ट २ मध्ये व्हेरिएबलांची नावं बहुतेक तशीच राहतात. तिथे पोती होतं, बैल होतं, व्यापाऱ्याच्या रागाचं माप ठेवणारं एक राग नावाचं व्हेरिएबल होतं. रोमन लिपीत, पण शब्द सगळे आपले. ‘हे लै भारी लिहिलंय दादा,’ तो म्हणाला. ‘पण हे असं उसन्या प्लेअरवर किती दिवस चालवायचं? शेवटी ही नक्कलच ना.’

यावर चित्रकारानं जे उत्तर दिलं ते मला विसरता येत नाही. त्यानं रॉबर्ट गिलचं नाव काढलं. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि कितीतरी वर्षं तिथेच राबला. त्याची मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सुरुवात केली, १८८५ पर्यंत काम चाललं, आणि त्यातल्याही कित्येक प्रती लंडनमध्येच आगीत गेल्या. तरी जे उरलं त्यातून त्याचे दोन खंड निघाले. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या, नंदलाल बोस आले, निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं याझदानींचे खंड काढले. ‘दर पिढीनं आपल्या हातातल्या साधनानं नक्कल केली,’ तो म्हणाला. ‘ग्रिफिथ्सच्या पुस्तकात दिसतंय ते सगळं आज भिंतीवर राहिलेलं नाही. नकलेला नावं ठेवू नको.’

तरुणानं लगेच पलटवलं. ‘पण दादा, भिंत बघायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत होती का? डोळे असले की झालं. इथे चित्र आहे, पण दाखवणारा मालक म्हणाला बंद, की बंद.’

त्याच्या या बोलण्यामागे त्याचा स्वतःचा अनुभव होता. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं की ठरावीक मर्यादेच्या वर गेलेल्या खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लागेल, १ जानेवारी २०२४ पासून, आणि आधीच बाजारात असलेले खेळही त्यातून सुटणार नव्हते. आमच्या गावातल्या कुणाचा खेळ त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हता. पण पैशांपेक्षा धक्का वेगळा होता. ज्या अटींवर आपण वर्षानुवर्षं काम उभं केलं त्या अटी एका सकाळी बदलता येतात, हे त्या दिवशी पोरांना कळलं. जगभर गदारोळ झाला, महिन्याभरात प्रमुख जॉन रिचिटेलो पायउतार झाले, वर्षानं ते शुल्क पूर्ण मागे घेतलं गेलं. तोवर हा तरुण गोडोवर गेला होता. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मन्झूर यांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ मध्ये मुक्त झालं. त्याचा कोड कुणालाही घेता येतो, बदलता येतो, घरात ठेवून घेता येतो.

मला वाटतं, त्या रविवारी ते दोघं वर्षानुवर्षांच्या वादात पहिल्यांदा एकाच गोष्टीविषयी बोलले. पेंटरचा मुलगा अक्षरांचा फॉन्टाशी संबंध तोडून ती आपल्या हातात घेत होता, ते कुठली कंपनी उद्या काय करेल या भीतीपोटी नव्हे, नीटपणाच्या हौसेपोटी. पण झालं असं की तेवढंच टिकलं. आणि युनिटीवर वाढलेला पोरगा मुक्त इंजिनाकडे वळला तोही याच ओढीनं, की काम आपल्या हातात राहावं. साधन म्हातारं होणार, त्याला इलाज नाही. मात्र ते जाताना माझं काम सोबत नेणार का, हे मी आधीच विचारू शकतो. आमच्या क्लासांमधून हा प्रश्न शिकवला जात नाही. तिथे शिकवतात बटणं कुठे आहेत ते. पहिल्याच दिवशी मूळ फाइली कुठे ठेवायच्या, कुणाच्या नावानं ठेवायच्या आणि दहा वर्षांनी त्या कशानं उघडायच्या, हे फळ्यावर लिहायला हवं, असं माझं कळकळीचं मत आहे. मराठवाड्यातल्या शाळांच्या कपाटांत अशा किती सीड्या पडून असतील! चकतीवरचा थर दरवर्षी थोडा थोडा जातोय.

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. शाळेला तूर्त रफलवरचा खेळ दिला. आणि गोडोमध्ये नवा सुरू झाला, जुन्या फाइलमधून काढलेल्या आकृत्या घेऊन, अक्षरं तीच ठेवून. आता दोघं रोज संध्याकाळी एकत्र बसतात. चित्रकार गोडोच्या ॲनिमेशनच्या खिडकीत टाइमलाइन सापडल्यावर खुर्ची पुढे ओढून बसला.

भांडण मिटलेलं नाही, फक्त बारीक झालंय. सध्याचं भांडण बैलाच्या चालीवरून आहे. फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांत सेकंदाला बारा फ्रेमा हा ठरलेला वेग असे. बैलाच्या चालीची बारा चित्रं आहेत, एका सेकंदात एक फेरा, आणि जड बैल जसा पाय टाकतो तसा तो टाकतो. नव्या इंजिनात पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो. तरुणानं आधी मधली चित्रं सॉफ्टवेअरकडून भरून घेतली, तर बैल पाण्यावर तरंगतोय असं दिसायला लागलं. मग प्रत्येक चित्र पाच-पाच वेळा दाखवलं, चाल जमली, पण खालचा रस्ता साठच्या वेगानं सरकत असल्यानं खूर मातीवरून घसरू लागला. चित्रकाराचं म्हणणं, रस्ताही बारावर आण, पायाखालची जमीन पायाबरोबरच हलली पाहिजे. तरुणाचं म्हणणं, मग पोरं बोटानं पोती ओढतील तेव्हा सगळं अडखळल्यासारखं वाटेल. काल रात्री उशिरा तोड निघाली. बैल, गाडी आणि रस्ता बारावर चालणार. ढग, पोती आणि पोराचं बोट साठवर. व्यापाऱ्याचा राग कितीवर ठेवायचा ते अजून ठरायचंय.